अडीच सुताचा नट

१

असं समजा, की तुमच्या तळहातावर एक नट आहे. सायकलच्या पुढच्या चाकाचा. बाहेरून सहा बाजू, मधोमध भोक. आता करंगळीचं नख त्या भोकात हळूच आतून फिरवा. नखाला बारीक बारीक कंगोरे लागायला हवेत. त्यांना आटे म्हणतात, आणि चाक सायकलला धरून ठेवायचं काम तेच करतात. लागले का? काठाशी एखादा लागतो, आणि मग आत सगळं गुळगुळीत. जणू कोणी आतून सोलून काढलंय.

आणखी थोडं समजा. समजा, की तो तळहात तुमचा नाही, बहात्तर वर्षांच्या एका माणसाचा आहे. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठ्याचं नख कायमचं काळं. हा माणूस चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा होता. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला कारागीर ‘सूत’ म्हणतात, आणि ह्या माणसाला अर्ध्या सुताचा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. म्हणून त्याचं नाव पडलं अर्धसूत. आता म्हातारपणी, अर्धसूत आजोबा.

आजोबा सायकल क्लबच्या हॉलमध्ये लांब टेबलाशी बसले होते. टेबलावर एक फार जुनी सायकल आडवी ठेवलेली होती, पुढचं चाक वेगळं. सोमवारची दुपार. त्यांना झोप येत होती.

“फार खोलात जाऊ नका, आजोबा,” क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. त्यांना बसायलाही सवड नव्हती. “काल जुन्या सायकलींची फेरी निघाली. पुलाजवळच्या वळणावर गणिताच्या सरांच्या सायकलचं पुढचं चाक निघालं. सर पडले, उजवा हात मोडला. शनिवारी संध्याकाळी सायकल कोणी तपासली? वर्कशॉपच्या मिस्त्रीबाईंनी. नट आवळायचा राहिला. कागद मी लिहून ठेवलाय, तुम्ही जाणकार म्हणून खाली सही करा. पाचच्या मीटिंगमध्ये वाचून टाकतो.”

“आणि मग?”

“मग काय? वर्कशॉपची किल्ली परत घ्यायची. सभासद तापलेत.”

आजोबांनी कागद पाहिला. असे कागद त्यांनी खूप पाहिले होते. कारखान्यात काही मोडलं, कोणाचं बोट गेलं, की तपासाला त्यांनाच बोलवायचे, आणि कागदावर नाव आधीच लिहिलेलं असायचं. ज्याचा हात शेवटचा, त्याचा दोष. वड्याचं तेल वांग्यावर काढायला वेळ कितीसा लागतो? त्यांनी अशा दोन कागदांवर सही केली होती. त्या दोन सह्या अजून दुपारच्या झोपेत दिसत.

खरं सांगायचं तर आजही त्यांना सही करून घरी जावंसं वाटलं. गुडघे ठणकत होते. पेन हातात घेतलंही. पण दुसऱ्या हातात तो नट होता, आणि करंगळीचं नख आपोआप आत गेलं.

“सेक्रेटरीसाहेब, हा नट कुठं सापडला?”

“वळणावर. चाकाजवळच.”

“ढिला नट गळून पडतो हो. तो आतून सोलून निघत नाही.”

“म्हणजे?”

आजोबांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे हा आवळलेला होता. दात-ओठ खाऊन आवळलेला.”

२

वर्कशॉप हॉलच्या मागच्या अंगाला होतं. एक खोली, एक खिडकी, भिंतीवर पाने टांगलेले. मिस्त्रीबाई उंबऱ्यावर बसून एक साखळी पुसत होती. साखळी आधीच स्वच्छ होती.

“या म्हणणार नाही, काका,” ती म्हणाली. “तुम्ही सही करायला आलात म्हणे.”

“सही नाही केली अजून.”

“करून टाका. मला आता भांडायचंसुद्धा बळ नाही.”

तिला हे काम आजोबांनीच शिकवलं होतं, ती विशीत असताना. तेव्हा ती प्रत्येक गोष्टीवर भांडायची. आजोबा खिडकीखालच्या स्टुलावर टेकले. कोपऱ्यात एका उपड्या खोक्यावर तिची दहा वर्षांची मुलगी बसली होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी थांबतच नसे. आज थांबली होती. गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

“भिंगरीबाई, आज शाळा नाही?”

“पोटात दुखतंय म्हणाली,” आई म्हणाली. “कालपासून अशीच आहे. नुसती बसून.”

आजोबांनी पोरीकडे पाहिलं, आणि मग नट पुढं केला. “हा तू लावलास?”

मिस्त्रीबाईनं नट हातातसुद्धा घेतला नाही. “नाही. त्या चाकाच्या मधल्या हबचे मूळचे दोन नट आहेत, तोंडावर चांदणी कोरलेली. शनिवारी दोन्ही चांदणीचे लावले. डावीकडचा अजून आहे ना चाकावर? बघा त्याला.”

“बघितला. चांदणी आहे. ह्याला नाही.”

“मग?”

“चुकून हाताला दुसरा आला असेल. दमली असशील. सतरा सायकली तपासल्यास शनिवारी.”

“अठरा.” तिनं पहिल्यांदा मान वर केली. “काका, मी झोपेत लावला असता तरी कळलं असतं. वेगळ्या आट्यांचा नट तीन-चार फेऱ्यांत अडतो, आणि बोटाला सांगतो की मी इथला नाही. असं तुम्हीच म्हणायचात. आणि वर म्हणायचात, की ऐकलं नाहीस तर कानाखाली वाजवीन.”

“कधी वाजवली नाही.”

“मी ऐकायची म्हणून.”

आजोबांना हसू आलं, पण ते लगेच विरलं. “रविवारी सकाळी तू कुठं होतीस?”

“सहापासून पुलापाशी. पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. चहावाल्याला विचारा, पाणी वाटणाऱ्या पोरांना विचारा. सायकली इथं हॉलमध्ये होत्या. हॉलची किल्ली सेक्रेटरींकडे असते, नाहीतर सरांकडे. आणि फाटकापाशी तो भंगारवाला लोहचुंबक घिरट्या घालत होता म्हणे. तीनदा येऊन गेलाय, ते हब विकत मागायला.”

“किल्ली गेली तर काय करशील?”

“बसच्या डेपोत धुलाईला माणसं घेतात. लांब पडेल. हिची शाळा बदलावी लागेल.” ती पुन्हा साखळी पुसू लागली. “आणि सर हॉलमध्ये सकाळी घेतात तो वर्गही सुटेल. गणितात आत्ता कुठं रमायला लागली होती.”

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापर्यंत पोचले, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

“आजोबा, नट चुकीचा असला, तर ज्यानं तो दिला त्याला तुरुंगात टाकतात?”

आजोबा वळले नाहीत. त्यांनी फक्त तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला. नट लावतात. आवळतात. बदलतात. आत्तापर्यंत ह्या खोलीत कोणीही ‘दिला’ म्हणालं नव्हतं.

३

लहान मुलाच्या मनात काही अडकलं असेल तर पाना लावून ते काढू नये, एवढं आजोबांना नातवंडांनी शिकवलं होतं. ते पोरीला काही न बोलता बाहेर पडले आणि उन्हातून रखडत फाटकापाशी गेले.

भंगारवाला आपल्या हातगाडीच्या सावलीत पहुडला होता. त्याच्या गाडीला दोरीनं बांधलेलं एक मोठं लोहचुंबक लोंबकळायचं. रस्त्यावरचे खिळे, चाव्या, पडलेली नाणी, सगळं तो त्याला चिकटवून गोळा करी. म्हणून त्याचंही नाव तेच पडलं होतं.

“ऊठ रे. तुझ्याकडे एक नट आहे.”

“माझ्याकडे पाच किलो नट आहेत, आजोबा. कुठला देऊ?”

“चांदणीचा.”

लोहचुंबक उठून बसला. त्यानं आकाशाकडे पाहिलं, गाडीच्या चाकाकडे पाहिलं, आणि शेवटी स्वतःच्या खिशाकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

“चोरला नाही, आईशप्पथ. सापडला.”

“चोरलास असं मी म्हटलंय?”

“तुम्ही नाही म्हटलं. पण ते सेक्रेटरी म्हणतील ना. मी नुसता फाटकातून आत पाहिलं तरी ते खिसे चाचपतात.” त्यानं नट काढून आजोबांच्या हातावर ठेवला. जुना, नीट घासलेला, तोंडावर पाच टोकांची चांदणी. “असा नट आता कोणी बनवत नाही. मन झालं. ठेवला.”

“कुठं सापडला?”

“हॉलच्या पुढच्या पायरीखाली जाळी आहे ना, पाणी जायची? तिच्यात. दर रविवारी चुंबक सोडतो मी तिथं. लोकांच्या खिशातून काय काय पडतं.”

“किती वाजता?”

“घड्याळ कुठलं माझ्याकडे? पण फेरी सुटायच्या आधी. शिट्टी झाली तेव्हा नट खिशात होता, नक्की. मी विचारसुद्धा केला, की कोणाचा असेल, द्यावा का.”

“मग?”

“मग शिट्टी झाली, सगळे गेले.” त्यानं मान खाली घातली. “तेव्हा ओरडलो असतो तर सर पडले नसते, हो ना?”

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ह्या एका नटानं किती जणांची झोप उडवली होती! पण तपास एक पायरी पुढं सरकला होता. चांदणीचा नट पुलाजवळ पडला नव्हता. तो हॉलच्या दारातच पडला होता, फेरी सुटण्याआधी. म्हणजे मिस्त्रीबाई पुलापाशी असताना कोणीतरी इथं, पायरीवर, ते चाक उघडलं होतं.

सेक्रेटरी व्हरांड्यात खुर्च्या मांडत होते.

“रविवारी हॉल कोणी उघडला?” आजोबांनी विचारलं.

“मी. पावणेसातला. सर आले, त्यांना किल्ली दिली आणि मी पाण्याच्या पिंपांचं बघायला गेलो. सव्वासातला आलो तर सगळे सुटायच्या तयारीत.”

“म्हणजे अर्धा तास सर एकटे होते.”

“आजोबा!” सेक्रेटरींनी खुर्ची दाणकन खाली ठेवली. “सरांवर जाताय? मिस्त्रीनं तपासून नंबर बांधला, की सायकलला कोणी हात लावायचा नाही, हा नियमच मुळी सरांनी लिहिलाय. भिंतीवर लावलाय. आणि हात त्यांचा मोडलाय, तुमचा-माझा नाही! सरांनी स्वतःच्या चाकाला चुकीचा नट लावला, असं सांगणार तुम्ही सभासदांना?”

“मी अजून काहीच सांगत नाही.”

“पावणेतीन वाजलेत.”

“दिसतंय मला,” आजोबा म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनाही दिसत नव्हती. सरांच्या हाताला घाई नसे. फळ्यावर रेघ मारायची तरी ते दोनदा माप घेत. असा माणूस भलताच नट उचलेल कसा?

४

नटांचे डबे वर्कशॉपच्या फळीवर होते. आजोबा परत आले तेव्हा मिस्त्रीबाई आपली स्वतःची हत्यारं एका पिशवीत भरत होती. न सांगताच.

डब्यांवर नव्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, सुंदर छापल्यासारख्या अक्षरात. ६ मिमी. ८ मिमी. १० मिमी.

“हे कोणी केलं?”

“सरांनी, गेल्या महिन्यात. माझं मेलं सगळं सुतात लिहिलेलं, नव्या मुलांना कळेना. सर म्हणाले, मी सगळं मिलिमीटरमध्ये लावून देतो. आठ दिवस खपत होते बिचारे. मी माझ्या हातानं ओळखते, म्हणून मी चिठ्ठ्या बघतच नाही.”

आजोबांनी ‘८ मिमी’चा डबा खाली घेतला आणि सायकलचं चाकही खिडकीशी आणलं. “भिंगरी, इकडे ये. माझी बोटं आज चालत नाहीत. ह्या एक्सलवर, चाकाच्या मधल्या दांड्यावर, एकेक नट फिरवून बघ. जोर नाही करायचा. अडला की थांबायचं.”

पोरगी पाय ओढत आली. पहिला नट सरळ शेवटपर्यंत गेला. दुसरा चौथ्या फेरीला अडला. तिसरा गेला. चौथा गेला. पाचवा अडला.

“हे कसं?” ती म्हणाली. “सगळे सारखेच तर दिसतायत.”

“दिसतात. आता हे बघ.” आजोबांनी फळीवरून दोन सुटे एक्सल घेतले आणि तिच्या हातात दिले. “दोन्ही एकमेकांना चिकटव. ह्याचे आटे त्याच्या खाचांत बसव. आणि खिडकीकडे धरून मधून उजेड येतो का बघ.”

तिनं एक डोळा मिटला. “नाही येत. बसले.”

“तो एक टोकाकडचा भाग झाला. आता दुसऱ्या टोकाकडे जा.”

ती बराच वेळ बघत राहिली. “इथं येतोय. इथं ह्याचा दात त्याच्या दातावर बसलाय. एकाच बाजूला बसलेत, दुसऱ्या बाजूला नाहीत.”

“शाबास. एकावर इंचात सव्वीस आटे आहेत. दुसऱ्यावर दर मिलिमीटरला एक, म्हणजे इंचात पंचवीस आणि वर थोडा. पहिले तीन-चार आटे दोघांचं सूत छान जमतं. मग एक पुढं जातो, एक मागं राहतो. अशा वेळी हातानं अडतं. पण लांब पाना घेऊन जोर केला, तर नट जातो पुढं. आत सगळं चेंगरतं. वरून वाटतं, काय घट्ट बसलाय! आणि धरलेलं असतं फक्त एक-दोन आट्यांनी. रस्त्यावर दोन-चार धक्के बसले, की तेही सोलून निघतात.”

पोरीनं एक्सल खाली ठेवले. बाहीनं डोळे पुसले.

आजोबांनी मुद्दामच तिकडे पाहिलं नाही. फळीच्या टोकाला एक रिकामा डबा होता, त्यात आता खडू ठेवले होते. त्याच्या बुडाशी जुनी चिठ्ठी तशीच राहिली होती. “हे वाच बरं.”

“दोनशे अकरा,” ती नाक ओढत म्हणाली.

तिची आई हातातली पिशवी सोडून हसलीच. कालपासून पहिल्यांदा. “दोनशे अकरा नाही गं! दोन, आणि पुढं दोन उभ्या रेघा. दोन रेघा म्हणजे अर्धा. अडीच. अडीच सूत. काकांकडूनच उचलली ही जुनी पद्धत.”

“अडीच सूत म्हणजे किती मिलिमीटर, पोरी?” आजोबांनी मिस्त्रीबाईला विचारलं.

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. भिंतीवर त्याच सुंदर अक्षरातला तक्ता होता. त्यात एक ओळ अशी होती: २॥ सूत = ७.९४ = ८.

आजोबा तक्त्यासमोर उभे राहिले. सरांनी घाई केली नव्हती. नीट मोजलं होतं, नीट गुणलं होतं, आणि मग शाळेत शिकवतात तसं सात पूर्णांक चौऱ्याण्णवचे आठ केले होते. आठ झाले, म्हणून अडीच सुताचा डबा आठच्या डब्यात रिकामा केला होता. दोन घराण्यांचे नट एका डब्यात. त्याखालची ओळ होती, ३ सूत = ९.५३ = १०. आजोबांनी डोळे मिटून घेतले. मागच्या चाकांचे नट तीन सुताचे असतात; तेही आता दहाच्या डब्यात मिसळले होते.

“आजोबा.” मागून हुंदका आला. “तो नट मी दिला.”

मिस्त्रीबाई ताडकन उठली. आजोबांनी हातानंच तिला थांबवलं.

“सर पायरीवर चाक खोलून बसले होते,” पोरगी म्हणाली. “म्हणाले, चाक जरासं डावीकडे आहे, मधे आणतो. वॉशर पुसताना नट घरंगळला आणि जाळीत गेला. मग म्हणाले, भिंगरी, आठचा डबा आण. आई पुलाकडे गेली तेव्हा मी वर्कशॉपमध्येच थांबले होते, तिथून आणला. वरचाच नट त्यांच्या हातात दिला. त्यांना अडला तो. म्हणाले, गंजलाय वाटतं. आणि मोठा पाना घेतला.” ती आता मोठ्यानं रडू लागली. “दुसरा दिला असता तर बसला असता ना?”

“सरांनी तुला सांगितलं होतं, कोणाला बोलू नकोस म्हणून?”

“नाही. काहीच नाही म्हणाले. काल संध्याकाळी आईबरोबर बघायला गेले, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ते माझ्यावर चिडलेत.”

मिस्त्रीबाईनं पोरीला जवळ ओढलं. तिच्या केसांना काळं तेल लागलं, तरी दोघींना भान नव्हतं.

“चल,” आजोबा थोड्या वेळानं म्हणाले. “सर चिडलेत की आणखी काही, ते त्यांनाच विचारू.”

५

सर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. उजवा हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. समोरच्या टेबलावर मुलांच्या नऊ वह्या, न तपासलेल्या. त्यांनी आधी आजोबांना पाहिलं, मग मिस्त्रीबाईला, मग तिच्यामागं अर्धी लपलेली भिंगरी दिसली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

आजोबांनी टेबलावर दोन नट ठेवले. एक चांदणीचा, एक सोललेला. मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. जाळी, लोहचुंबक, तक्ता, डबा. त्यांना जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. फक्त पाठ दुखत होती.

“सहा शतांश मिलिमीटर,” सर पुटपुटले. “चौऱ्याण्णव आणि शंभर. केसाएवढा फरक. तेवढ्यानं काही होत नाही.”

“तेवढ्यानं नाहीच झालं. जाडीतला फरक तुम्ही बरोबर मोजलात. आटे मोजले नाहीत.”

सर सोललेल्या नटाकडे झुकले. खाली रस्त्यावरून कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजत गेली.

“डबे एकत्र केले त्यात गडबड आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“मान्य. पण चाक तुम्ही खोललंत, हे तर माहीत होतं? नट बदललात, हे माहीत होतं?”

“होतं.”

“आणि सेक्रेटरींनी हिचं नाव घेतलं, तेव्हा?”

“तेव्हा दुखत होतं फार.” सरांनी मिस्त्रीबाईकडे पाहायचं टाळलं. “नंतर दुखायचं कमी झालं, आणि बोलायला उशीर झाला असं वाटलं. तुम्हाला सांगू? ह्या नऊ वह्यांशिवाय मला आता काही उरलेलं नाही. नियम लिहिणाऱ्यानंच नियम मोडला, असं कळलं तर हॉल काढून घेतील, वर्ग बंद होईल. वाटलं, मिस्त्रीबाई तरुण आहे, तिला दुसरीकडे कुठंही काम मिळेल.”

“डेपोत बस धुवायचं,” मिस्त्रीबाई म्हणाली. फक्त एवढंच.

सरांची नजर वह्यांवर गेली.

“चाळीस वर्षं वर्गात सांगितलं,” ते शेवटी म्हणाले, “चूक झाली असेल त्यानं हात वर करा. आणि माझाच हात—” त्यांनी प्लास्टरकडे नजर टाकली.

“डावा शाबूत आहे, सर.”

सरांनी चमकून आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की डावा हात पुरेल. सरांनी तो हळूच खुर्चीच्या दांडीवरून उचलला, खांद्याएवढा वर नेला, आणि क्षणभर तसाच धरला. मग खाली घेतला.

“पाचला किती कमी आहेत?”

“पस्तीस मिनिटं.”

“मला लिहिता येणार नाही. कोणीतरी लिहून घ्या.”

मिस्त्रीबाईचे हात तेलकट होते. आजोबांची बोटं सुजलेली. दोघांनी एकदमच भिंगरीकडे पाहिलं. ती पुढं आली, टेबलाशी गुडघे टेकून बसली, कागद सरळ केला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

सर सांगू लागले. “रविवारी सकाळी सातच्या सुमारास, तपासणी झालेली असताना, मी माझ्या सायकलचं पुढचं चाक—”

पेन थांबलं.

“काय झालं?”

“सर, सुमारास किती?”

सर तिच्याकडे बघत राहिले. कालपासून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, ते सगळं जणू आत्ता पाहून घेत होते. “सहा वाजून त्रेपन्न,” ते म्हणाले. “पायरीवर बसताना घड्याळ पाहिलं होतं.”

तिनं सहा वाजून त्रेपन्न लिहिलं.

मग चाक आलं, वॉशर आला, जाळी आली. “मी डब्यातून एक नट घेतला,” सर म्हणाले.

“मी दिला, सर.”

“ते लिहायची गरज नाही.”

“पण मीच दिला.”

“मग असं लिही. डबा मी मागितला, म्हणून मुलीनं दिला. डब्यावरची चिठ्ठी माझी होती आणि ती चूक होती. नट अडला, तेव्हा थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मिस्त्रीबाईंनी शनिवारी लावलेले दोन्ही नट बरोबर होते.” ते थांबले. खाली मान घालून म्हणाले, “त्यांचा दोष नव्हता, हे मला रविवारपासून माहीत होतं. तेही लिही.”

तिनं तेही लिहिलं. अक्षर मोठं आणि गोल होतं, ओळ शेवटी थोडी वर चढत होती. मागे उभी असलेली मिस्त्रीबाई खिडकीबाहेर पाहत होती. पदराचं टोक तिनं डोळ्यांना लावलं नाही, नुसतं मुठीत धरलं.

पाचला वीस मिनिटं उरली होती. आजोबांनी जिने मनातल्या मनात मोजले आणि उठायची तयारी केली.

सरांनी डाव्या हातात पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर काढायला लागले, तर कागदच पेनाबरोबर सरकत गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सरकला. उजवा हात मदतीला येऊ पाहत होता, पण प्लास्टर हलेना.

भिंगरीनं आधी आईकडे पाहिलं. मग ती टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला गेली, आणि सरांची सही पुरी होईपर्यंत दोन्ही तळहातांनी कागद घट्ट दाबून धरून उभी राहिली.